सगळ्या जोडण्या एका हाती: सांगलीतील एका दूरसंचार व्यवस्थापन सेवेचे परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत पेढीचा कारभार आता चार जागांवर पसरला आहे: यार्डातील गाळा आणि त्यावरचे कार्यालय, कुपवाड औद्योगिक वसाहतीलगतचे शीतगृह, तासगावात बेदाण्याच्या सौद्यांसाठी घेतलेली जागा आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील बेदाणा शेड. या चारही ठिकाणी फोन, इंटरनेट आणि तापमानाच्या नोंदी यांसाठी जे लागले ते त्या त्या वेळी मिळेल त्या कंपनीकडून घेतले गेले. त्यामुळे तांब्याच्या तारेवरचे जुने दूरध्वनी, वेगवेगळ्या कंपन्यांचे फायबर, फोर-जी सिमवर चालणारे राउटर, माळावरून जाणारी एक रेडिओ जोडणी आणि तापमानमापकांतील यंत्र-सिम, म्हणजे माणसाऐवजी यंत्राने माहिती पाठवण्यासाठीचे सिम, असा पाच तऱ्हांचा पसारा आमच्या गळ्यात पडला. हा सगळा पसारा एका हाती घेऊन त्याची देखरेख, बिघाडाचा पाठपुरावा आणि बिलांची तपासणी करून देणारी सेवा सांगलीतील एक छोटी कंपनी पुरवते. गेल्या बेदाणा हंगामाच्या आधीपासून आम्ही ती घेत आहोत. कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांतील बहुतेक या प्रकारच्या कोणत्याही सेवेला लागू पडतील अशा आहेत.

हे काम मुळात अवघड का आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण ‘नेट चालते की नाही एवढेच तर पाहायचे’ अशी समजूत यार्डात सर्रास आढळते. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला टेलिफोन केंद्रातूनच ४८ व्होल्टचा वीजपुरवठा येतो, म्हणून गाळ्यातील वीज गेली तरी तो फोन वाजतो, आणि बिघडलाच तर जोडातील गंज किंवा भिजलेली केबल हेच बहुधा त्याचे दुखणे असते. फायबरचे तसे नाही. दुकानांत आणि घरांत येणारे फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचे असते. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या, विजेशिवाय चालणाऱ्या डबीत ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो आणि सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता त्या सगळ्यांमध्ये विभागली जाते. आपल्याकडच्या टोकाला जी पेटी असते, जिला ओएनटी म्हणतात, ती मात्र आपल्या विजेवर चालते, त्यामुळे इन्व्हर्टर बंद पडला की फायबर धडधाकट असूनही सारे ठप्प होते. फोर-जीचे आरोग्य टॉवरच्या संदेशाच्या ताकदीइतकेच त्या घटकेला त्या टॉवरवर किती गर्दी आहे यावर अवलंबून असते, आणि रेडिओ जोडणीला दोन टोकांमध्ये मोकळी हवा लागते. प्रत्येकाचे मोजमाप वेगळे, प्रत्येकाची धोक्याची खूण वेगळी आणि तक्रार घेणारी कंपनीही वेगळी.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींत या कामाचे थर पाडलेले आहेत. सर्वांत खाली एकेका उपकरणाचे व्यवस्थापन, त्यावर जाळ्याचे आणि त्याच्याही वर सेवेचे व्यवस्थापन येते. त्या शिफारशी मोठ्या दूरध्वनी कंपन्यांसाठी लिहिलेल्या असल्या तरी आमच्यासारख्या चार जागांच्या पेढीलाही त्या जशाच्या तशा लागू पडतात, कारण उपकरण चालू असणे आणि सेवा चालू असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही पैसे मोजतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. पुढील सर्व मते याच कसोटीवर दिली आहेत.

या कसोटीवर सेवेची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे फायबरची देखरेख. पूर्वी आमच्याकडे दोन जोडण्या घेणारा एक साधा राउटर होता. पहिली जोडणी गेली की दुसरीवर जाणे हे त्याचे काम. पण पहिली गेली हे तो फक्त तारेच्या खोबणीतील दिव्यावरून ओळखत असे. फायबर रस्त्यात तुटले तरी ओएनटी पेटी चालूच असते, तिच्यापासून राउटरपर्यंतची वीतभर तारही ठीक असते, त्यामुळे राउटरच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. पेटीवर लाल दिवा लुकलुकत असूनही राउटर फायबरलाच चिकटून बसायचा आणि सिमवरची जोडणी शेजारी रिकामी पडून असायची. नव्या व्यवस्थेत राउटर दर काही सेकंदांनी बाहेरच्या तीन वेगवेगळ्या पत्त्यांना साद घालतो आणि तिघांकडूनही उत्तर येईनासे झाले तरच जोडणी बदलतो. तीन पत्ते घेण्याचे कारणही तंत्रज्ञांनी नीट समजावून सांगितले: एकच पत्ता धरला आणि तो दूरचा सर्व्हर स्वतःच बंद पडला, तर आपली जोडणी विनाकारण इकडून तिकडे उड्या मारत राहते.

याहून मोलाचे काम प्रकाशाच्या मोजणीत झाले. ओएनटीकडे येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात. नेहमीच्या जोडणीत ती उणे २७ च्या खाली गेली की पेटी अडखळू लागते. हे मोजमाप लॉगॅरिदमिक असते, म्हणजे उणे २० वरून उणे २३ वर येणे हे ऐकायला किरकोळ वाटले तरी प्रकाश निम्मा झालेला असतो. कुपवाडच्या शीतगृहातील आकडा एरवी उणे २० च्या आसपास असे. पावसाळा सुरू झाल्यावर तो हळूहळू घसरत उणे २५ पर्यंत आला. इंटरनेट तोवर उत्तम चालू होते, वेगही पूर्ण मिळत होता आणि शीतगृहात कोणाची काही तक्रार नव्हती. सेवाकंपनीने त्या घसरणीचा आलेख जोडून फायबर कंपनीकडे आधीच तक्रार नोंदवली, तिचा लाइनमन आला आणि खांबावरच्या जोडाच्या डबीत पाणी शिरल्याचे आढळले. ऐन आवकेच्या दिवसांत ती जोडणी तुटली असती तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. ज्याला देखरेख म्हणतात ती हीच. बिघाड झाल्यावर ‘बिघाड झाला आहे’ असा संदेश पाठवणे हे कोणतेही दोन-तीन हजारांचे यंत्र करते.

तक्रारींचा पाठपुरावा ही दुसरी जमेची बाजू. अनेक कंपन्यांच्या जोडण्या असल्या की बिघाडाच्या वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फायबरवाला म्हणतो राउटर तपासा, राउटरवाला म्हणतो लाइन तपासा, आणि दोघे मिळून म्हणतात एकदा बंद करून चालू करून पाहा. तासगाव रस्त्यावर जेसीबीने खोदताना केबल तोडली, तेव्हा आमच्या जागांकडून अनेक धोक्याचे संदेश एकदम निघाले असणार: राउटर, व्हीपीएन (जागांना एकमेकींशी जोडणारी खासगी वाट), कॅमेरे, संगणकीय वजनकाटा, सगळ्यांकडून. आमच्या व्यवस्थापकाला मात्र एकच फोन आला. ‘अण्णा, तुमच्याकडची पेटी ठीक आहे, मागची फायबर तुटलीय. कंपनीकडे तक्रार टाकलीय, नंबर पाठवतो. तोवर सिमवर चाललंय, कॅमेरे तेवढे बंद ठेवलेत, डेटा संपेल म्हणून.’ एवढ्या तीन वाक्यांत ग्राहकाला हवे ते सगळे आले आहे. दोष कुठे आहे, कोणाकडे गेला आहे, सध्या काय चालू आहे आणि काय मुद्दाम थांबवले आहे. अनेक संदेशांमागचे एकच मूळ शोधून काढणे हे मोठ्या कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांतही सोपे काम नसते, आणि ते येथे माणसांनी केले की संगणकाने याच्याशी मला कर्तव्य नाही.

तुटलेली जागा शोधण्याचे काम अर्थातच फायबर कंपनीचे होते. तंतूत प्रकाशाचा ठोका सोडून परतीच्या प्रकाशाला लागलेल्या वेळावरून अंतर काढणारे ओटीडीआर हे यंत्र त्यासाठी वापरतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून एक किलोमीटर जाऊन परत यायला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात. आमच्या सेवाकंपनीकडे हे यंत्र नाही, आणि असते तरी दुसऱ्याच्या तंतूवर ते लावण्याचा अधिकार तिला नाही. या मर्यादेकडे पुढे परत यावे लागेल.

चारही जागा एकमेकींना जोडण्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. यार्डातील कार्यालयात हिशेबाचा सर्व्हर आहे, तेव्हा सगळ्यांनी थेट यार्डाला जोडून घ्यावे असे सहज वाटते. अडचण अशी की मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे सिमवर असलेल्या जागेतून बाहेर जाता येते, पण बाहेरून तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. यार्डाचे फायबर तुटून तेच सिमवर गेले की बाकीच्या तीन जागा अधांतरी राहतात. म्हणून या कंपनीने मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला असून चारही जागा स्वतःहून त्याच्याशी जोडल्या जातात. मग कोणती जागा कोणत्या तंत्रावर आहे याने काही बिघडत नाही. खर्च थोडा वाढला, परंतु वेगवेगळ्या जाळ्यांना एकत्र नांदवायचे तर मधे अशी एक तटस्थ जागा लागतेच, असे माझे मत आहे.

याच रचनेत सुरुवातीला एक विचित्र दोष होता, आणि तो अशाच सेवा घेणाऱ्या इतरांनाही भेटेल म्हणून सविस्तर सांगतो. तासगावातून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जात, लहानसहान पाने उघडत, पण मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचे पान अर्धे उघडून थांबे आणि यार्डातील सर्व्हरवरची मोठी यादी कधीच पूर्ण येत नसे. वेग तपासला की तो उत्तम दिसे. कारण असे की प्रत्येक जाळ्यातून एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाचा कमाल आकार वेगळा असतो. साध्या इथरनेटवर तो १५०० बाइट, पीपीपीओई या, नाव-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीच्या फायबरवर १४९२, आणि त्यावर व्हीपीएनचे वेष्टन चढवले की आणखी कमी. मोठे पाकीट मधल्या एखाद्या अरुंद ठिकाणी गुपचूप टाकून दिले जाते, लहान पाकिटे मात्र सुखरूप जातात. तंत्रज्ञांना हे सापडायला नको तितका वेळ लागला, कारण त्यांच्या देखरेखीच्या पडद्यावर चारही जागा हिरव्या, म्हणजे चालू, दिसत होत्या आणि साद घालणारी पाकिटे अगदीच चिमुकली असल्याने ती बिनबोभाट परतत होती. अखेर आकार सर्वत्र १४२० वर आणला आणि त्यानंतर तो त्रास उद्भवलेला नाही. मात्र ग्राहक सांगतो आहे की सेवा बंद आहे आणि पडदा सांगतो आहे की चालू आहे, अशा वेळी पडद्यावर विश्वास ठेवण्याची त्यांची प्रवृत्ती तेव्हा प्रथम दिसली.

ती पुन्हा दिसली तापमानमापकांच्या बाबतीत. शीतगृहातील प्रत्येक दालनात एक मापक आहे आणि त्यात यंत्र-सिम आहे. आपल्या फोनचे क्रमांक १० आकडी असतात, ही सिमे १३ आकडी क्रमांकांची असतात. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की फोन येतो, ही सोय उत्तम आहे. परंतु एका दालनातील मापकाच्या सिमची मुदत संपली, नोंदी येणे थांबले आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच, हिरव्या रंगात, झळकत राहिला. मापक बोलत नाही ही स्वतःच धोक्याची खूण आहे, हे व्यवस्थेला शिकवलेलेच नव्हते. आमच्या शीतगृहातील माणूस रोज हातानेही नोंद करतो, म्हणून दोन आकड्यांतील फरक लगेच लक्षात आला आणि माल वाचला. सेवाकंपनीने त्याच दिवशी दुरुस्ती केली आणि सगळ्या सिमच्या मुदतींची यादी स्वतःच्या जबाबदारीत घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आता सर्वांत कमकुवत बाजू, म्हणजे फोन. अडतीच्या धंद्यात इंटरनेट तासभर गेले तर चालते, पण शेतकऱ्याला माहीत असलेला दूरध्वनी लागला नाही तर तो शेजारच्या गाळ्यात विचारतो. आमचे ०२३३ चे क्रमांक दोन पिढ्यांपासून पट्ट्यांवर, पिशव्यांवर आणि लोकांच्या डोक्यात आहेत. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे आणि २०१५ पासून दूरसंचार परिमंडळ बदलले तरी ती मिळते. स्थिर दूरध्वनीला मात्र ती नाही. त्यामुळे ते क्रमांक ज्या कंपनीचे आहेत तिच्याकडेच राहावे लागते, आणि त्या कंपनीने तांब्याची तार काढून तेच क्रमांक फायबरवर आणले तेव्हा आम्हालाही फायबरवर जावे लागले. केंद्रातून येणारी ४८ व्होल्टची वीज त्याच दिवशी संपली; आता तो फोन आमच्या इन्व्हर्टरइतकाच टिकतो.

सेवा घेताना आम्हाला सांगण्यात आले होते की फायबर गेले तरी सर्व काही सिमवर चालू राहील. इंटरनेटच्या बाबतीत ते खरे ठरले, फोनच्या बाबतीत नाही. फायबरवरचा दूरध्वनी हा ओएनटी पेटीतील फोनच्या खोबणीतून निघतो आणि कंपनीच्या स्वतःच्या आतल्या वाटेने तिच्या आवाजाच्या यंत्रणेला जाऊन मिळतो. ती वाट इंटरनेटपासून वेगळी ठेवलेली असते. आमच्या राउटरने इंटरनेट सिमवर वळवले तरी तो दूरध्वनी त्याच्या हाती नसतोच. फायबर तुटले त्या प्रत्येक वेळी गाळ्यातील ०२३३ चे फोन मुके झाले आणि पडद्यावर यार्ड हिरवेच होते, कारण देखरेखीत फोनचा समावेशच नव्हता. विचारणा केली तेव्हा ‘ते आमच्याकडे येत नाही साहेब, ते कंपनीचं आहे’ असे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. परंतु जो सगळ्या जोडण्या एका हाती घेतो म्हणून पैसे घेतो, त्याच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही.

उपाय होता आणि तो फारसा खर्चिकही नव्हता. दूरध्वनी कंपनीच्या केंद्रातच अशी नोंद करता येते की हा क्रमांक पोहोचण्याजोगा नसेल तर येणारा फोन अमुक मोबाइलवर वळवावा. ही नोंद केंद्रात असल्यामुळे आपल्याकडची पेटी, फायबर आणि वीज सगळे बंद असले तरी ती चालते. आमच्या आग्रहानंतर ती करून घेण्यात आली आणि आता फायबर गेले की शेतकऱ्यांचे फोन दिवाणजींच्या मोबाइलवर येतात. कार्यालयातील अंतर्गत फोन, जे आम्ही इंटरनेटवर घेतले आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा होता: जोडणी बदलली की चालू संभाषण तुटते, हे टाळणे अवघड आहे, पण त्यानंतरही पुष्कळ वेळ फोन लागत नसे. फोन आपली हजेरी सर्व्हरकडे तासाला एकदा लावत होते. पत्ता बदलला तरी पुढच्या हजेरीपर्यंत सर्व्हर त्यांना जुन्या पत्त्यावर शोधत राहायचा. हजेरीचा अवधी दोन मिनिटांवर आणल्यावर तोही त्रास गेला. या दोन्ही गोष्टी आवाजाचे काम जाणणाऱ्याला पहिल्या दिवशी सुचायला हव्या होत्या. या कंपनीतील मंडळी संगणकाच्या जाळ्यातून आलेली आहेत, टेलिफोनमधून नव्हे, आणि ते ठायी ठायी जाणवते. दूरसंचार खात्यात काम केलेल्या आमच्यासारख्या जुन्या माणसांना फोन वाजला नाही की झोप लागत नसे. या पिढीला तो एक साधा जोडधंदा वाटतो की काय, अशी शंका येते.

कवठेमहांकाळकडच्या शेडची रेडिओ जोडणी हा आणखी एक अभ्यासाचा विषय आहे. शेडपर्यंत फायबर नाही आणि तेथे फोर-जी फक्त शेडच्या पत्र्याबाहेर पकडते, म्हणून सुमारे सात किलोमीटरवरच्या एका इमारतीवरून ५.८ गिगाहर्ट्झची जोडणी आणली आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील हा भाग २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो. दुर्बिणीतून पाहिले तर दोन्ही टोके एकमेकांना स्वच्छ दिसतात, आणि बसवणाऱ्यांनी तेवढ्यावर काम भागवले. पण रेडिओ लहरींना डोळ्याच्या रेषेपेक्षा जास्त जागा लागते. या अंतरावर आणि या लहरींसाठी वाटेच्या मध्यावर रेषेभोवती साडेनऊ मीटर त्रिज्येचा पट्टा धरावा लागतो आणि त्या त्रिज्येचा निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. मध्ये एका शेताच्या बांधावर निलगिरीची रांग आहे. उन्हाळ्यात जोडणी बसवली तेव्हा ती ठीक चालली. पावसाळ्यात झाडे वाढून ओली झाली आणि वेग पार खाली आला. सेवाकंपनीने दोष ओळखला, तो योग्य ओळखला, आकड्यांनिशी अहवालही दिला, परंतु खांब उंच करण्याचा खर्च कोणी करायचा यावर गाडे अडले आहे. माझ्या मते जागेची पाहणी त्यांनी केली असल्यामुळे तो त्यांनी करावा.

दुहेरी जोडणीच्या भरवशाबद्दल एक इशारा देणे आवश्यक वाटते, कारण माहितीपत्रकांत त्याचा फार डांगोरा पिटला जातो. दोन जोडण्या प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालत असतील तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक निघते, हा हिशेब खरा आहे. पण तो दोन्हींचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतील तरच. यार्डात येणारी दोन फायबरे दोन कंपन्यांची असली तरी शेवटचा टप्पा त्याच खांबांवरून येतो. एक ट्रक खांबाला धडकला की दोन्ही जातात. सेवाकंपनीने आम्हाला दुसरे फायबर घेण्याऐवजी सिम घ्यायला सांगितले ते याच कारणाने, आणि तो सल्ला प्रामाणिक होता, कारण फायबर विकण्यात त्यांना दलाली अधिक मिळाली असती.

सांगलीत हा प्रश्न खांबावर संपत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की पुढे काय होते हे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले आहे. वीज दिवसचे दिवस बंद असली की मोबाइल टॉवर बॅटरी आणि डिझेल असेपर्यंतच चालतो, आणि पाण्यातून डिझेल पोहोचवणे सोपे नसते. २००५ च्या पुरात हरिपूरकडील हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पाणी गेले, तेव्हापासून यार्डातील जुनी मंडळी साठवणुकीच्या जागेची उंची विचारल्याशिवाय भाडे ठरवत नाहीत. जोडणीच्या जागेची उंचीही तशीच विचारायला हवी. या दृष्टीने सेवाकंपनीने यार्डातील सगळी यंत्रे पहिल्या मजल्यावर हलवली आणि सर्व्हरची प्रत मुंबईच्या सर्व्हरवर रोज जाईल अशी व्यवस्था केली, हे उत्तम झाले. त्यांनी उपग्रहाची जोडणीही सुचवली होती. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विचारणा वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे अशा चार फेऱ्यांना प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तापमानाच्या नोंदींना ते चालेल, फोनवर भाव ठरवताना चालणार नाही. खर्च पाहून आम्ही नकार दिला.

बिलांच्या तपासणीविषयी थोडक्यात सांगतो. सर्व कंपन्यांची बिले एका तक्त्यात येतात, प्रत्येक बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक आहे की नाही ते पाहिले जाते, आणि त्यामुळे १८ टक्के कराची वजावट आता सुटत नाही. बंद पडलेल्या एका जोडणीचे भाडे आम्ही विनाकारण भरत होतो तेही त्यांनीच शोधले. येथे काही तक्रार नाही.

कराराबाबत मात्र आहे. राउटर त्यांचे, भाड्याने दिलेले; त्यांतील रचना आणि मुख्य पासवर्ड त्यांच्याकडेच. करार संपला तर चारही जागांची मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, आणि हे मागितल्याशिवाय कोणी सांगितले नव्हते. दुसरी गोष्ट, करारात ९९.५ टक्के उपलब्धतेची हमी आहे, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३.६ तास बंद राहिले तरी हमी पाळली गेली असे धरायचे. बारीक अक्षरांत पुढे लिहिले आहे की मूळ कंपनीच्या जाळ्यातील बिघाड यात धरला जाणार नाही. बहुतेक बिघाड तेथेच होतात, तेव्हा ही हमी केवळ त्यांच्या पेट्यांची हमी ठरते. अर्थात त्यांची बाजूही समजण्याजोगी आहे: फायबर कंपनीच्या केंद्रातील यंत्र त्यांना दिसत नाही, टॉवरवरची गर्दी दिसत नाही, तंतू कोणत्या खांबावरून गेला आहे हे कळत नाही; ग्राहकाच्या भिंतीपलीकडे ते फक्त अनुमान करू शकतात. पण जे दिसत नाही त्याची जबाबदारी घेता येत नसेल तर माहितीपत्रकावर ‘संपूर्ण’ हा शब्द छापू नये.

खर्च म्हणाल तर जागेमागे महिन्याला जे द्यावे लागते ते एका चांगल्या फायबर जोडणीच्या भाड्याच्या दीडपट आहे, राउटरचे भाडे धरून. एकाच दुकानात एक फायबर आणि एक सिम एवढाच व्याप असणाऱ्याने या वाटेला जाण्याचे कारण नाही. त्याने साद घालून जोडणी बदलणारा राउटर घ्यावा आणि ओएनटीवरचा प्रकाशाचा आकडा महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवावा. तीन किंवा अधिक जागा, त्यांत एखादी तरी फायबर न पोहोचलेली, आणि नासणारा माल, असे असेल तर मात्र ही सेवा पैसे फेडते.

आम्ही करार पुढे चालू ठेवला आहे, चार अटी लेखी घालून: रोज सकाळी सौद्यांच्या आधी प्रत्येक ०२३३ क्रमांकावर स्वयंचलित चाचणी फोन लावावा आणि तो न लागल्यास यार्ड पडद्यावर लाल दाखवावे, कोणत्याही मापकाची नोंद पंधरा मिनिटे आली नाही तर बिघाड समजावा, राउटरच्या रचनेची प्रत आणि पासवर्ड बंद पाकिटात पेढीकडे असावेत, आणि शेडचा खांब सहा मीटरने वाढवावा. पहिल्या तीन अटी त्यांनी मान्य करून अमलात आणल्या आहेत. चौथ्या अटीवर खर्चाची निम्मी-निम्मी वाटणी व्हावी असे त्यांचे म्हणणे आहे, आणि बेदाण्याचा नवा माल शेडवर यायच्या आत तो निर्णय घ्यावा लागणार आहे.